चित्राच्या वरच्या ओळी

१

लग्नाच्या जुन्या कॅसेटा बघून बघून समिनाला माणसांच्या जेवणाचा कंटाळा आला होता. कोणत्याही लग्नाची कॅसेट घ्या, त्यात पाऊण तास पंगत असतेच. जिलेबी खाणारा माणूस कॅमेरा जवळ आला की चघळणं थांबवतो, गाल फुगवून भिंगाकडे बघतो आणि कॅमेरा पुढे जाईपर्यंत तसाच बसून राहतो. असे हजारो फुगलेले गाल समिनाने व्हीसीआरमधून काढून पेनड्राइव्हवर घातले होते.

बारामतीत भिगवण रस्त्याला, एका पिठाच्या गिरणीला खेटून तिचं दुकान. तिचे वडील रसूल यांनी पंचवीस-तीस वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यातली लग्नं शूट केली. आता हात थरथरतात म्हणून ते इंदापूरला थोरल्या मुलाकडे, शहबाजकडे असतात आणि दुकान समिना बघते. काम सरळ आहे. व्हीसीआरमध्ये कॅसेट घालायची, पिना रेकॉर्डरला जोडायच्या, बटण दाबायचं आणि तीन तास चहा पीत बसायचं. भिंतीवर तिने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : 'फिल्मी कॅसेटची कॉपी करून मिळणार नाही. घरच्या कॅसेटला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.' दुसऱ्या वाक्यावरून शहबाजने तिला दोनदा बोलून पाहिलं, पण पाटी काही उतरली नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, सणसरच्या कुशाबाई आल्या. साठीच्या आतबाहेरची, सडसडीत बाई. पिशवीतून त्यांनी खणात गुंडाळलेली सीडी काढली आणि काचेच्या टेबलावर हळूच ठेवली.

"माज्या नणंदंचं, संजीवनीचं लगीन. अठ्ठ्याण्णव सालचं. तुज्या बापानं काडलं हुतं," त्या म्हणाल्या. "ह्यात माजी लेक हाय, पर दिसत न्हाय."

समिनाने सीडी लावली. मांडव, मुंडावळ्या, अक्षता. मग एका ठिकाणी पडद्याच्या उजव्या बाजूला भलंमोठं गुलाबी फूल उगवलं. तेव्हाच्या मिक्सिंगमध्ये अशी फुलं, बदाम, फुलपाखरं टाकायची फॅशनच होती. पण हे फूल चालत होतं. उजवीकडून डावीकडे सरकत गेलं आणि त्याच्या खाली दोन बारकी अनवाणी पावलं दिसत होती.

"ती नकोशी," कुशाबाई म्हणाल्या. "सात वरसांची हुती. त्याच साली ताप डोस्क्यात गेला न् गेली. फोटु एक न्हाय तिचा. पोरी, खोटं कशाला बोलू, आता मला तिचं तोंड आठवंना झालंय. पाय आठवत्यात, त्ये हितं दिसत्यात म्हून. तोंड न्हाय आठवत."

समिनाने सीडी थांबवली. पडद्यावरचं फूल काढता येत नाही, फुलाखाली काहीच शिल्लक नसतं, हे तिने समजावून सांगितलं. पण अब्बांनी मिक्सिंगच्या आधीची कच्ची कॅसेट आयुष्यात कधी फेकली नव्हती, आणि कच्च्या कॅसेटवर फुलं नसतात.

"शुक्रवारी या मावशी," ती म्हणाली. "असली तर काढूनच देते."

२

कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. अब्बांचं अक्षर : 'सणसर, संजीवनी, कच्ची.' त्याखाली लाल पेनने : 'देऊ नये.' समिनाला वाटलं, पैसे बाकी राहिले असतील. लग्नाघरची माणसं वरात निघाली की फोटोवाल्याला ओळखत नाहीत, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

बुधवारी दुपारी तिने व्हीसीआरचं हेड पुसलं, पिना जोडल्या आणि रेकॉर्डर सुरू केला. शेजारी गिरणी घरघरत होती. दुकानातला जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही तिने मुद्दाम ठेवला होता, कारण जुनी कॅसेट जुन्याच टीव्हीवर नीट कळते.

मांडव आला. खांबाशी एक जाडजूड बाई पाय पसरून बसली होती. उजवीकडून एक मुलगी आली. दोन्ही हातांत पाण्याचा तांब्या, सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढलेली. बाईने पाय आखडून तिला वाट दिली. मुलगी मधोमध आल्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसली. वरचा एक दात पडलेला होता. मग ती डाव्या खांबाआड गेली. समिनाने काउंटर पाहिला : अकरा सेकंद. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच टाळी वाजवून बसली.

मग तिची नजर रेकॉर्डरवर गेली. तो बंद पडला होता. पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरं होती : नक्कल करण्यास मनाई, रेकॉर्डिंग थांबवले आहे.

ही सूचना समिनाच्या ओळखीची होती, पण ती फिल्मी कॅसेटला यायची. टीव्हीवर जे चित्र दिसतं त्याच्या वर आणखी काही ओळी असतात. त्या टीव्ही कधी दाखवत नाही. कंपन्या त्या लपलेल्या ओळींत पांढरे ठोकळे भरून ठेवायच्या. बघणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही, पण रेकॉर्डर आधी तिकडे बघतो. एखाददुसऱ्या वेळी ठोकळे दिसले तर सोडून देतो. लागोपाठ दिसत राहिले की हात वर करतो.

आता लग्नाच्या कच्च्या कॅसेटवर ही मनाई कोण घालणार? सणसरच्या मांडवात कुठली कंपनी आली होती? समिनाने स्वतःलाच उत्तर दिलं : मळ. कॅसेट मळकी असली की त्या ओळींत कचरा येतो आणि बिचाऱ्या रेकॉर्डरला तो ठोकळ्यांसारखा वाटतो. असं होतं कधीकधी. तिने हेड पुन्हा पुसलं.

३

दुसऱ्यांदा लावली तेव्हा ती फक्त रेकॉर्डरकडे बघत राहिली. हळद व्यवस्थित घेतली. वरमाला घेतल्या. पंगत, गालांसकट, सगळी घेतली. नकोशी आली आणि लाल अक्षरं आली.

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तशी समिना चिडली. तिने दुसरी एक कॅसेट लावून पाहिली, ती सुरळीत गेली. पुन्हा ही लावली. या खेपेला तिने फोन हातात घेतला. रेकॉर्डर घेत नाही तर टीव्हीच्या काचेवरून फोनने घेऊ, त्यात काय मोठंसं.

फोनमध्ये मांडव आला, खांब आला, आणि मुलीच्या जागी आडवी काळी पट्टी आली. जुन्या टीव्हीचं फोनवर शूटिंग केलं की पट्ट्या येतात, हे कुणीही सांगेल. समिनाही स्वतःला तेच सांगत होती. फक्त ही पट्टी वरखाली न पळता मुलीबरोबर चालत होती.

आणि मग तिच्या लक्षात आलं की मुलगी डाव्या खांबापर्यंत गेलीच नाही. अलीकडेच संपली.

कॅसेट खराब होते तेव्हा सगळं चित्र खराब होतं. मुंग्या येतात, रेघा येतात, आवाज घोगरा होतो. इथे मांडव लख्ख होता. सनई स्पष्ट होती. नवरदेवाच्या मागे डोकं खाजवणारा म्हातारा जागच्या जागी होता. फक्त मुलगी नव्हती. काउंटर सात सेकंद सांगत होता. मधल्या खेपेला किती होते ते तिने बघितलंच नव्हतं, नऊ असणार.

तिने फोनवर घेतलेलं सुरुवातीपासून लावून पाहिलं. मुलगी आता शेवटीच कमी झाली नव्हती, सुरुवातीलाही झाली होती. खांबाशी बसलेल्या जाड बाईने पाय आखडून घेतले, मान वर करून काहीतरी बोलली, हसली, आणि तिच्या समोरून कुणीही गेलं नाही, पट्टीसुद्धा नाही.

समिनाने घाईघाईने व्हीसीआर बंद केला. प्रत्येक वेळी कॅसेट लावली की दोन सेकंद जात होते. सात वर्षांच्या पोरीचे जगात एवढेच सेकंद होते आणि त्यातले चार आपण नुसते तपासण्यात घालवले, या विचाराने तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

४

कोणी शहाणं माणूस असतं तर इथेच थांबलं असतं. समिना शहाणी होती, पण तिला कुणी नाही म्हटलेलं सहन होत नसे. निदान नाही कोण म्हणतंय ते तरी कळू दे, असं तिच्या मनाने घेतलं.

जुन्या टीव्हीच्या पाठीमागे एक बटण असतं. ते फिरवलं की चित्र वर सरकायला लागतं, आणि एरवी लपलेला वरचा काळा पट्टा पडद्याच्या मधोमध येतो. फिल्मी कॅसेटचे ठोकळे तिने असे कितीदा तरी पाहिले होते. चौकोनी, कडक कडांचे, सगळे एकदम उजळणारे आणि एकदम विझणारे.

गुरुवारी सकाळी तिने बटण फिरवून ठेवलं आणि कॅसेट लावली. काळा पट्टा मध्ये आला. वर मांडवाचा खालचा भाग, खाली मांडवाचा वरचा भाग, आणि मध्ये ही रिकामी काळी जागा. पाच-दहा सेकंद तिथे काही नव्हतं. मग जाड बाईने पाय आखडले आणि पट्ट्याच्या खालच्या कडेवर, म्हणजे चित्राच्या अगदी माथ्यावर, चार पांढरे ठिपके उमटले. शेजारी शेजारी. थोडी जागा सोडून आणखी चार.

आठ. मळ मोजता येत नाही, हे समिनाला ठाऊक होतं. ती टीव्हीच्या जवळ गेली. ठिपक्यांना कोपरे नव्हते. खालून ते गोल होते, आणि सगळे एकदम उजळत नव्हते. डावीकडचा पहिला, मग दुसरा, मग तिसरा, असे एकामागून एक पांढरे होत होते. कुंपणाच्या भिंतीपलीकडून कुणी भिंत धरून वर चढतं तेव्हा पकड बदलताना त्याची नखं अशी दिसतात.

त्यांच्या खाली नकोशी तांब्या सांभाळत चालली होती. तिला वर बघायची काही गरज वाटत नव्हती. ती हसायच्या आधीच नाहीशी झाली.

समिनाने टीव्ही बंद केला. काचेत तिला तिचं स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याच्या मागे दुकानाचं उघडं दार, रस्ता, गिरणीपुढे डबे घेऊन उभ्या बायका. ती दारात जाऊन त्या बायकांशी उगाचच ज्वारीच्या भावाबद्दल बोलत उभी राहिली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

५

त्याच दुपारी ती इंदापूरला गेली. अब्बा शहबाजच्या घरापुढच्या ओट्यावर बसले होते. सणसरचं नाव काढताच त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मी लिहून ठेवलं होतं की वर," ते म्हणाले.

"का लिहिलंत ते सांगा."

"ती पोरगी घ्यायची न्हवती. मांडवातच सांगितलं मला."

"कोणी सांगितलं?"

अब्बांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. "तोंड न्हाय बघितलं गं. माझा डोळा भिंगात. वरनं एक हात आला, भिंगावर आडवा धरला आणि म्हणाला, ही नको. मी म्हटलं, बरं. अगं, रोजचंच होतं ते. लग्नाघरची माणसं सांगायची आणि आमी ऐकायचो. विधवा बाई फुडं आली, घेऊ नका. काळी पोरगी आली, घेऊ नका. चौथी पोरगी झालेली सून आली, घेऊ नका. सांगणारा कोण हाय, त्याला अधिकार काय, असं मी एकदाबी विचारलं न्हाय. धंदा करायचा होता."

"मग ही अकरा सेकंद कशी राहिली?"

"राहून गेली. मिक्सिंगला बसलो तवा सापडली. आणि तो हात मी पुन्यांदा शोधला. भिंगावर धरला होता म्हणजे कॅसेटीत यायला पायजे का न्हाय? न्हवता. आख्ख्या कॅसेटीत कुठंच न्हवता." त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले. "पण ती पोरगी आली की टीव्हीच्या वरच्या कडंला... जाऊ दे. मी फूल टाकलं. भ्यालो म्हणून टाकलं."

समिनाचं बापावर फार प्रेम होतं आणि त्या क्षणी तिला त्यांचा संतापही आला. "अब्बा, सात वर्षांची होती ती. तेव्हाच्या माझ्याएवढी. मला कुणी नको म्हटलं असतं तर माझ्या तोंडावर फूल टाकलं असतंत?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.  ती निघाली तेव्हा त्यांनी तिला घरात नेलं आणि कपाटातून एक काळी डबी काढून दिली. मुंबईहून आणलेली, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, दोन्ही टोकांना पिना. व्हीसीआर आणि रेकॉर्डरच्या मध्ये ती जोडली की चित्राच्या वरच्या ओळी पुसून कोऱ्या होतात. चित्राला धक्का लागत नाही.

"लपाय जागा ठेवायची न्हाय त्याला," अब्बा म्हणाले. "मला तवा धीर झाला न्हाय. आणि हे बघ, एकटी बसू नकोस."

६

शुक्रवारी कुशाबाई सणसरहून पहिल्या एसटीने आल्या. समिनाने त्यांना काही लपवून ठेवलं नाही. सेकंद कसे गेले, नखं कशी दिसली, अब्बा काय म्हणाले, सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. कुशाबाई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांतपणे ऐकत राहिल्या.

"पाच सेकंद होते काल," समिना म्हणाली. "आज तीन असतील. मावशी, तुमाला नुसतं बघायचं असेल तर मी टीव्हीवर लावते. हसायच्या आधीचं का होईना, तोंड दिसेल. रेकॉर्ड करायला गेलो, डबी लावली आणि काही बिघडलं तर तेवढंबी जाईल. तुमी म्हणाल तसं."

"तीन सेकंदात काय दिसंल?"

"बाजूनं दिसंल. जीभ बाहेर काढून चालतीय ती."

कुशाबाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यांनी ते तिथेच आवरलं.

"पोरी, मला सांग. तिचं नाव ठिवताना मला कुणी इचारलं व्हतं? बारशालाबी मला म्हाईत न्हवतं काय नाव हाय. बाहीर बसल्याल्या मानसांनी ठरवलं. फोटुत घ्यायची न्हाय त्येबी बाहीरच ठरलं. फूल घातलं तवा मी हितंच जिवंत हुते की. न्हाय इचारलं कुणी." त्यांनी स्टूल ओढलं आणि टीव्हीच्या समोर मांडलं. "मग मी आता कुणाला इचारत बसू? लाव तुजी डबी. आणि समदी घ्यायची. तीन न्हाय, अकरा."

"अकरा उरलेत कुठं मावशी?"

"उरलेत. कुनीतरी धरून ठिवलेत. धरल्यालं सोडवता येतंय."

समिनाला त्या क्षणी त्या बाईचा इतका आधार वाटला की तिने मध्ये डबी घालून एका दमात पिना जोडून टाकल्या.

७

एक वाजला आणि गिरणी जेवायला बंद झाली. एवढा वेळ ज्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं तो थांबल्यावर दुकान फारच मोकळं वाटायला लागलं. व्हीसीआरमध्ये कॅसेट फिरत असल्याची बारीक कुरकुर तेवढी राहिली.

मांडव आला. रेकॉर्डरचे आकडे पळू लागले. जाड बाई दिसली, तिने पाय आखडले, मान वर केली, हसली. समोर कुणी नव्हतं.

रेकॉर्डर चालूच होता. त्याला बघायच्या त्या वरच्या ओळी डबीने पुसून टाकल्या होत्या. तिथे त्याला काही दिसत नव्हतं आणि तो मुकाट्याने पुढे जात होता. समिनाच्या तोंडातून "घे आता" असं निघून गेलं. ते कोणाला म्हणाली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात चित्राची वरची कड काळवंडली. लपायच्या ओळी गेल्या होत्या, तेव्हा जे तिथे होतं ते खाली, मांडवात उतरू लागलं. आधी नखं. मग बोटं, जाड, पेरांवर सुरकुतलेली. ती पत्र्यावरून पाणी ओघळावं तितकी सावकाश खाली आली आणि खांबापुढच्या मोकळ्या जागेवर येऊन मिटली. मूठ झाली. मुठीच्या खालून दोन बारकी पावलं दिसत होती.

 कुशाबाई स्टुलावरून उठल्या.

"वळखला हात मी," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"बाहीर बसून ठरवनाऱ्याचा. पर नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की बसाया पाट मागंल." आणि त्यांनी आपला उजवा तळवा काचेवर, त्या मुठीवर, थाड्‌कन ठेवला. जुन्या काचेने चटचट आवाज केला. "लई वरसं धरलीस. माजी हाय ती. सोड. धरायचंच असंल तर मला धर, मी काय कुठं पळत न्हाय."

काही क्षण काहीच झालं नाही. आकडे पळत होते. सनई चालू होती. मग समिनाने पाहिलं ते एवढंच : काचेवर पसरलेल्या कुशाबाईंच्या बोटांच्या फटींमधून दुसरी बोटं वर आली, जाड, एकामागून एक, आणि त्यांच्या हाताच्या पाठीवर मिटली. काचेच्या अलीकडे.

कुशाबाईंनी दात आवळले, पण हात काढला नाही. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं आणि जात्याचा खुंटा उपटावा तसा झटका दिला. हात सुटून आला. त्या मागे उभ्या असलेल्या समिनावर आदळल्या आणि दोघीही स्टुलावर कोसळल्या.

पडद्यावर मुलगी चालत होती. उजव्या खांबाकडून निघाली होती, जीभ बाहेर, तांब्या घट्ट. जाड बाई मागे राहिली होती. मधोमध आल्यावर तिने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ती हसली. तिच्या डोक्यावर नुसती मांडवाची कापडी झालर होती. ती डाव्या खांबापर्यंत गेली आणि त्याच्या आड झाली.

"दात पडल्याला हुता," कुशाबाई म्हणाल्या. "व्हय की. दात पडल्याला हुता. मीच उंबऱ्याला दोरा बांधून काडला हुता." आणि मग त्या रडल्या, मोठ्याने, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्याने, आणि समिनाही त्यांच्याबरोबर रडली.

८

कॅसेट त्यानंतर कोरी झाली. नुसत्या मुंग्या. पण पेनड्राइव्हवर सगळं उतरलं होतं आणि समिनाने ते सात वेळा लावून पाहिलं. सातही वेळा अकरा सेकंद भरले. मूठ नाही, बोटं नाहीत, पट्टी नाही. कुशाबाई प्रत्येक वेळी नव्याने बघत होत्या, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांना नकोशीच्या परकराचा रंगही आठवला.

रेकॉर्डर बिघडला तर नाही ना, हे बघायला समिनाने दुकानातल्या जुन्या कॅमेऱ्याची वायर त्याला जोडली. आधी स्वतः समोर उभी राहिली. व्यवस्थित घेतलं. मग तिने कॅमेरा वळवला.

"मावशी, इकडं बघा. तुमची आठवण म्हणून राहू दे दुकानात."

कुशाबाईंनी पदर नीट केला आणि ताठ बसल्या. रेकॉर्डर चार आकडे चालला आणि थांबला. लाल अक्षरं आली.

समिनाने वायर काढून पुन्हा लावली. भिंत घेतली, दार घेतलं, कॅलेंडर घेतलं. कुशाबाईंकडे कॅमेरा फिरवला की तो थांबत होता.  डबी लावायचं तिच्या मनात आलं, आणि मग जे दिसेल ते बघायची आपली तयारी नाही, हेही कळलं. तिने कॅमेरा खाली ठेवला.

"काय म्हनतंय मशीन?" कुशाबाईंना इंग्रजी येत नव्हतं.

खोटं बोलावं असं समिनाला फार वाटलं. पण त्या बाईशी आजवर पुष्कळांनी पुष्कळ गोष्टी लपवल्या होत्या. "तुमची नक्कल घ्यायची न्हाय म्हणतंय," ती म्हणाली.

कुशाबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाठीवर चार बारीक लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. त्या त्यांनी लुगड्याला पुसल्या, जशा काही पुसून जाणार होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "हात गुतलं त्येचं. आता तिच्याकडं जायाला मोकळं न्हाईत."

"मावशी, असं कसं बोलता? तुमचं तोंड कुठंच राहायचं न्हाय मग."

"माजं माज्या लेकीनं बगितलंय. तिला पुरं हाय." त्या उठल्या आणि पिशवी काखेला मारली. "तू तिला पाठव. संजीवनीला पाठव, भावकीला पाठव, साऱ्या सणसरला पाठव. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या नातवंडांच्या फोनात जाऊ दे. खाली नाव लिव्ह. नकोशी न्हाय लिवायचं. मी तिला एकटीच असताना राणी म्हनायची. त्ये लिव्ह."

समिनाने ते फोनवर उतरवलं आणि कुशाबाईंनी सांगितलेल्या नंबरांवर तिथेच उभं राहून पाठवलं. सनईचा आवाज दुकानभर घुमला, आणि पाच मिनिटांत सणसरहून पहिला फोन आला : ही कुणाची गं पोरगी? कुशाबाईंनी फोन हातात घेऊन "माजी" एवढंच सांगितलं आणि परत दिला.

समिना त्यांना स्टँडवर सोडायला गेली. एसटीच्या पायरीवर चढताना कुशाबाई एकदम अडखळल्या, कुणी मागून धरल्यासारख्या. वळून त्यांनी मागे पाहिलं नाही. उजवा खांदा जोरात झटकला, "चल, यायचं तर ये," असं मोठ्यांदा म्हणाल्या आणि आत जाऊन खिडकीची जागा धरून बसल्या.